विद्यापीठाचा हिशेब आणि पदवीधरांच्या दहा खुर्च्या

(पदवीधरांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. आमच्या कामात बोलायचं ते स्क्रीनवर काहीतरी दाखवत. आज स्क्रीन नाही, त्यामुळे कागद हातात घेऊन उभा आहे. मधे मधे आकडे येतील. कंटाळा आला तर हात वर करा, मी पुढे सरकतो.

सुरुवात एका लाजिरवाण्या गोष्टीने करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची, म्हणजे आपण ज्याला सिनेट म्हणतो तिची, पदवीधर मतदारसंघाची निवडणूक झाली. त्या आठवड्यात आमच्या वस्तीतले एक निवृत्त शिक्षक मला जिन्यात भेटले. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. विचारलं, "काय इंजिनीअर, मत टाकलंस का?" मला वाटलं विधानसभेचं विचारतायत. म्हटलं, "सर, अजून वेळ आहे." ते म्हणाले, "विद्यापीठाचं विचारतोय." मी गप्प. पदवी घेऊन मला चौदा वर्षं झाली होती. चार वर्षांचं परीक्षा शुल्क भरलं, दोन केट्या काढल्या, पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरले, आणि त्या विद्यापीठात मला मत आहे हेच मला ठाऊक नव्हतं. यादीत नाव असणं तर दूरच. यात विद्यापीठाची काही चूक नाही. नोंदणीची जाहिरात निघाली होती, मी वाचली नव्हती.

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, "बद्रुद्दीन तय्यबजी तीस वर्षं त्या सिनेटवर होते. तुम्हा लोकांना नुसता व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो." घरी येऊन मी शोधलं. खरंच, तय्यबजी १८७५ ते १९०५ मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर होते. विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ ला. म्हणजे संस्था अठरा वर्षांची असताना ते आत गेले. काँग्रेसचे अध्यक्ष होण्याआधी, हायकोर्टाचे न्यायाधीश होण्याआधी. विद्यापीठाच्या कारभारात बसणं हे त्या पिढीला महापालिकेत बसण्याइतकंच साधं सार्वजनिक काम वाटत होतं. आपल्या पिढीला ते काम राजकीय पक्षांचं वाटतं.

त्या संभाषणानंतर मी जे वाचलं ते आज सांगणार आहे. मी कायद्याचा माणूस नाही, लेखापालही नाही. पण दुसऱ्याने लिहिलेली प्रणाली उघडून ती कुठे तुटेल हे शोधायचं हे माझं रोजचं काम आहे. त्याच सवयीने विद्यापीठाचे कागद उघडले.

आधी रचना. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. त्याआधी १९९४ चा कायदा होता. विद्यापीठात तीन मोठी प्राधिकरणं. विद्यापरिषद अभ्यासक्रम आणि शिक्षणाचं बघते. व्यवस्थापन परिषद रोजचे निर्णय घेते, मालमत्ता, नेमणुका, करार तिच्याकडे. आणि अधिसभा. अधिसभेबद्दल कायद्यात जे लिहिलं आहे ते मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. सर्व वित्तीय अंदाज आणि अर्थसंकल्पीय तरतुदींबाबतचं ते प्रमुख प्राधिकरण आहे. शिवाय समाजाकडून विद्यापीठाला अभिप्राय देण्याचं कामही तिचंच. म्हणजे अंदाजपत्रक, वार्षिक अहवाल, वार्षिक लेखे आणि लेखापरीक्षण अहवाल हे सगळं तिच्यासमोर यावं लागतं, त्यावर चर्चा व्हावी लागते.

या सभेत कोण बसतं? कुलपती म्हणजे राज्यपाल, कुलगुरू, प्र-कुलगुरू, अधिष्ठाते, अधिकारी. मग निवडून आलेले दहा प्राचार्य, संस्थाचालकांचे सहा प्रतिनिधी, महाविद्यालयीन शिक्षक दहा, विद्यापीठातले शिक्षक तीन, कुलपतींनी नेमलेले लोक, आमदार वगैरे. आणि दहा नोंदणीकृत पदवीधर. पाच खुल्या जागा. पाच राखीव: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या जाती-विमुक्त जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला, प्रत्येकी एक. आपल्यातले मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी, ज्यांच्याकडे ओबीसीचं प्रमाणपत्र आहे, त्यांना इतर मागासवर्गाच्या त्या एका जागेवरही उभं राहता येतं. हे सांगितलं तेव्हा माझ्या चुलतभावाने विचारलं, "पण आपल्यासाठी तिथे काय आहे?" या प्रश्नाकडे मी शेवटी येतो.

आता कागद. कोणत्याही विद्यापीठाचा वार्षिक अहवाल उघडा. सुरुवातीला कुलगुरूंचं मनोगत, मग फोटो. मग किती परिषदा झाल्या, किती सामंजस्य करार झाले, युवक महोत्सवात किती पदकं मिळाली, कोणत्या विभागात कोण पाहुणे येऊन गेले. हे खोटं नसतं. पण आमच्या क्षेत्रात याला आम्ही दिखाऊ मोजमाप म्हणतो. ॲप किती जणांनी डाउनलोड केलं हे ओरडून सांगायचं, आणि किती जणांनी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं ते सांगायचं नाही.

मुंबई विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकची ए प्लस प्लस श्रेणी मिळाली, गुण ४ पैकी ३.६५. उत्तम गोष्ट आहे, मला अभिमान आहे, माझ्या पदवीची किंमत त्याने थोडी वाढली असेल. पण नॅक मुख्यतः विद्यापीठाचे स्वतःचे विभाग बघतं. संलग्न महाविद्यालयांचं मूल्यांकन वेगळं होतं. आणि या विद्यापीठाची बहुसंख्य मुलं कलिन्याच्या विभागांत शिकत नाहीत. ती शिकतात मुंबई, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सात जिल्ह्यांतल्या नऊशेच्या वर महाविद्यालयांत. भिवंडीच्या जी. एम. मोमीन महिला महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि दापोली-खेडच्या बाजूचा बी.कॉमचा मुलगा कलिन्याला फार तर एखाद्या कामासाठी जातो. त्यांच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे तीन गोष्टी: परीक्षेचं वेळापत्रक, निकाल आणि मार्कशीट. म्हणून माझ्या दृष्टीने वर्षभराच्या कामगिरीचं पहिलं मोजमाप हे: किती परीक्षांचे निकाल वेळेत लागले? कायदा सांगतो निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावा. प्रत्येक परीक्षेसमोर किती दिवस लागले हा एक आकडा लिहायचा. एवढं एक पान अहवालात पहिलं छापलं तर मनोगत शेवटी छापलं तरी चालेल.

दुसरं मोजमाप: पुनर्मूल्यांकनाला किती उत्तरपत्रिका आल्या आणि त्यात किती जणांचे गुण बदलले. मी दोनदा पुनर्मूल्यांकन केलं, एकदा नापासाचा पास झालो. तेव्हा मी फक्त अल्हम्दुलिल्लाह म्हटलं आणि पुढे गेलो. आज विचार करतो, माझ्याबरोबर ज्यांनी पैसे नाहीत म्हणून अर्जच केला नाही त्यांचं काय झालं असेल? गुण बदलण्याचं प्रमाण जास्त असेल तर पहिल्या तपासणीत दोष आहे, आणि तो दोष शोधण्याचे पैसे आपण विद्यार्थ्याकडून घेतोय. आमच्याकडे ग्राहकाने चूक दाखवून दिली तर आम्ही त्याला बिल पाठवत नाही.

तिसरं: मंजूर शिक्षकपदं किती आणि भरलेली किती, विभागवार. फक्त एकूण आकडा नको. एकूण आकड्यात उर्दू, अरबी, फारसी, पाली असे छोटे विभाग बुडून जातात. चार पदांचा विभाग एका शिक्षकावर चालत असेल तर एकूण टक्केवारीत ते कधीच दिसणार नाही.

आता पैसा. इथे जरा थांबणार आहे, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच घाबरतात.

मुंबई विद्यापीठाचं अंदाजपत्रक अलीकडे आठशे कोटींच्या पुढे गेलेलं आहे, आणि ते तुटीचं असतं. तूट शब्द ऐकून दचकू नका. अंदाजपत्रकात तीन रकाने महत्त्वाचे: मागच्या वर्षी प्रत्यक्ष खर्च किती झाला, चालू वर्षाचा सुधारित अंदाज किती, पुढच्या वर्षी किती मागतोय. बातमीत येतो तो फक्त तिसरा रकाना. खरी गोष्ट पहिल्या रकान्यात असते. समजा, हा माझा काल्पनिक दाखला आहे, मुलींच्या वसतिगृहाच्या दुरुस्तीला दर वर्षी एक कोटी ठेवले. बातमी आली, टाळ्या पडल्या. दोन वर्षांनी प्रत्यक्ष खर्चाचा रकाना बघितला तर तिथे चार लाख. आणि पुढच्या वर्षी पुन्हा एक कोटी. म्हणजे तोच एक कोटी दर वर्षी नव्याने जाहीर होतोय. ही पकडायला सीए लागत नाही. तीन वर्षांची तीन अंदाजपत्रकं शेजारी ठेवा, आणि जी ओळ दर वर्षी तशीच येते तिच्यावर पेन्सिलने खूण करा. मी दोन संध्याकाळ हेच केलं. घरच्यांना वाटलं ऑफिसचं काम चाललंय.

आणखी एक गोष्ट. विद्यापीठाचा पैसा एका पिशवीत नसतो. राज्य सरकार मंजूर पदांच्या पगारासाठी जे देतं ते वेतन निधीत जातं आणि पगाराशिवाय कशाला वापरता येत नाही. देणगीदारांचे पैसे त्यांनी सांगितलेल्या कामालाच. राजाबाई टॉवर आणि त्याखालचं ग्रंथालय प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभं राहिलं, ही त्या प्रकारच्या पैशाची सगळ्यात उंच खूण. मग उरतो सर्वसाधारण निधी. तो भरतो कुठून? बराचसा शुल्कातून: परीक्षा शुल्क, नोंदणी, पात्रता, संलग्नता, दूरशिक्षण. म्हणजे दापोली-खेडच्या त्या बी.कॉमच्या मुलाच्या वडिलांनी भरलेल्या परीक्षा शुल्कातून. कलिन्याच्या रस्त्याचं डांबर, सल्लागाराचं बिल, परिषदेतल्या पाहुण्यांचं जेवण, यात त्यांचाही वाटा आहे. देणारा तो, पण हिशेब बघायला तो कधी येत नाही, आणि त्याला कोणी बोलवतही नाही.

आणि हे उत्पन्न कमी होण्याची शक्यता आहे. सेंट झेवियर्स २०१० मध्ये स्वायत्त झालं, त्यानंतर अनेक महाविद्यालयं त्या वाटेने गेली. स्वायत्त महाविद्यालय परीक्षा स्वतः घेतं, त्यामुळे त्या परीक्षांचं शुल्कही त्याच्याकडे राहतं. २०१९ मध्ये एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था वगैरे मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं. २०२० मध्ये के. सी. आणि एच. आर. कॉलेज एचएसएनसी विद्यापीठात गेली. स्वायत्ततेला माझा विरोध नाही. पण मोठी, नावाजलेली महाविद्यालयं बाहेर पडत गेली की मूळ विद्यापीठाकडे उरतात ती लहान, गावाकडची, अनुदान नसलेली महाविद्यालयं. परीक्षा यंत्रणेचा बराचसा खर्च मात्र विद्यार्थी कमी झाले म्हणून कमी होत नाही. सर्व्हर तोच, इमारत तीच, कर्मचारी तेच. मग तो भार कोणावर पडणार? राहिलेल्यांवर. आपल्या वस्त्यांतली मुलं मोठ्या संख्येने त्या राहिलेल्या महाविद्यालयांत आहेत.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आधी सवलत पन्नास टक्के होती. चांगला निर्णय. आपल्या मुलींना ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र काढून घ्या हे मी प्रत्येक घरी सांगतो. पण हिशेबाच्या वहीत याचा अर्थ असा की जे पैसे आधी मुलगी प्रवेशाच्या दिवशी भरायची ते आता सरकारने द्यायचे आहेत. सरकार देतं तेव्हा देतं. म्हणून लेख्यांमध्ये 'सरकारकडून येणे' या ओळीवर दर वर्षी नजर हवी. ती फुगत गेली की संस्था कुठून तरी दुसरीकडून वसुली करायला लागतात, नावं बदलून: विकास शुल्क, इतर शुल्क, अमुक शुल्क. माफी कागदावर राहते.

आता कारभार. कारभार बिघडला की काय होतं याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. २०१७. इथे बसलेल्यांपैकी काहींनी ते भोगलंय.

त्या वर्षी उन्हाळी परीक्षांच्या सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचं ठरलं. सतरा लाखांहून जास्त उत्तरपत्रिका. इंजिनीअर म्हणून हा आकडा ऐकला की माझं डोकं लगेच गुणाकार करायला लागतं. एका उत्तरपत्रिकेची तीस पानं धरा. पाच कोटी प्रतिमा. त्या स्कॅन करायच्या, प्रत्येक पुरवणी योग्य मुख्य उत्तरपत्रिकेला जोडायची, बारकोड लावायचा, हजारो शिक्षकांना लॉगिन द्यायचे, ज्यांनी आयुष्यभर लाल पेनने तपासलं त्यांना शिकवायचं. कल्पना वाईट नव्हती. संगणकावर तपासणी जगभर होते आणि त्याने बेरजेच्या चुका खरंच टळतात. पण कोणताही शहाणा माणूस आधी एका विद्याशाखेत, एका सत्रात करून बघेल, चुका मोजेल, मग पुढे जाईल. इथे परीक्षांचा हंगाम चालू असताना सगळ्या शाखांना एकदम लावलं. आमच्या कंपनीत शुक्रवारी संध्याकाळी एक बटण हलवायला तीन जणांची सही लागते.

निकाल रखडले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, ती उलटली. निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले. बाहेरच्या विद्यापीठांतले प्रवेश गेले, परदेशी जाणाऱ्यांचे गेले, नोकरीचं पत्र हातात असलेली मुलं मार्कशीटसाठी थांबली. कुलगुरू संजय देशमुख यांना ऑगस्टमध्ये रजेवर पाठवलं गेलं आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी पदावरून दूर केलं.

सगळी चर्चा कुलगुरूंवर झाली. मी मात्र तारखा लावून बघितल्या. आमच्याकडे काही कोसळलं की पहिला प्रश्न 'कोणी केलं' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'हे होत असताना तपासणी करणारा थर कुठे होता?' तर १९९४ च्या कायद्याखालच्या अधिसभेची मुदत २०१५ मध्ये संपली होती. नवा कायदा येतोय म्हणून निवडणुका थांबल्या. नवा कायदा आला मार्च २०१७ ला. पदवीधरांची निवडणूक झाली मार्च २०१८ ला. म्हणजे विद्यापीठाचा अलीकडचा सगळ्यात मोठा निर्णय घेतला गेला तेव्हा पदवीधरांच्या दहाही खुर्च्या रिकाम्या होत्या. कोणी उभं राहून विचारू शकत नव्हतं की बाबा, चाचणी कुठे घेतली? निविदा कधी निघाली? मागे जायचा रस्ता कोणता?

विचारलं असतं तर ते थांबलंच असतं असं मी म्हणत नाही. निवडून आलेली माणसंही झोपतात, आणि काही जण पक्षाच्या आदेशाने जागी होतात. पण प्रश्न नोंदीवर आला असता. आणि हे एकदाच झालं नाही. २०१८ ला आलेल्या सभेची मुदत २०२२ मध्ये संपली. पुढची निवडणूक २०२३ च्या सप्टेंबरमध्ये व्हायची होती, ती ऑगस्टमध्ये अचानक स्थगित झाली, मतदारयादी नव्याने करायचं ठरलं. मग २२ सप्टेंबर २०२४ ची तारीख आली, तीही दोन दिवस आधी थांबवली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २४ सप्टेंबरला मतदान झालं. दहा वर्षांच्या काळात दोनदा, मिळून जवळपास साडेचार वर्षं, पदवीधरांचं कोणी तिथे नव्हतं. अंदाजपत्रकं त्या काळातही मंजूर होत होती.

आणि आता तो आकडा, ज्याच्यासाठी मी आज आलो. २०२४ च्या त्या निवडणुकीच्या मतदारयादीत नावं किती होती? १३,४०६. विद्यापीठात आज शिकणारे विद्यार्थी सात लाखांच्या घरात. दर वर्षी लाखाच्या हिशेबाने पदव्या दिल्या जातात. १८५७ पासूनचे सोडा, नुसते आज हयात असलेले पदवीधर मोजा. त्यातले १३,४०६. यापेक्षा जास्त मतदार एखाद्या महापालिका प्रभागात असतात. मतदान निम्म्याहून थोडं जास्त झालं, म्हणजे सात हजारांच्या आसपास. दहाही जागा युवासेनेने, उद्धव ठाकरे गटाने, जिंकल्या. २०१८ मध्येही दहाच्या दहा युवासेनेच्याच होत्या. त्यांचं अभिनंदन, त्यांनी नोंदणी केली, रांगा लावल्या, काम केलं. बाकीचे जण आदल्या रात्री जागे होतात.

मतदान पसंतीक्रमाने होतं. पहिली पसंती, दुसरी, तिसरी. खुल्या पाच जागांसाठी कोटा काढायचा तर वैध मतांना सहाने भागायचं आणि एक मिळवायचा. सात हजार मतं धरली तर कोटा अकराशे-बाराशे. पुन्हा सांगतो: साधारण बाराशे लोक शेकडो कोटींच्या अंदाजपत्रकावर प्रश्न विचारणारा एक माणूस आत पाठवू शकतात. आपल्या एका मोठ्या मोहल्ल्यात बाराशे पदवीधर नाहीत का? मुंब्र्यात नाहीत? भिवंडीत नाहीत? कुर्ला, गोवंडी, मालवणी मिळून नाहीत?

आता माझ्या चुलतभावाचा प्रश्न. आपल्यासाठी तिथे काय आहे?

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०१९-२० मध्ये मुस्लिम विद्यार्थी सुमारे २१ लाख होते. २०२०-२१ मध्ये ते १९ लाखांवर आले. त्याच वर्षी देशातली एकूण विद्यार्थिसंख्या वाढली. एकूण विद्यार्थ्यांत आपलं प्रमाण ४.६ टक्के, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येत १४.२ टक्के. डिसेंबर २०२२ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद झाल्याचं संसदेत सांगितलं गेलं. तिच्यावर पीएचडी करणारी मुलं प्रत्येक विद्यापीठात होती. हे सगळं आपण एकमेकांना फॉरवर्ड करतो आणि हळहळतो. पण हे देशपातळीवरचे आकडे आहेत. आपल्या सात जिल्ह्यांत काय झालं? कोणत्या तालुक्यात मुली बारावीनंतर थांबल्या, कोणत्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला साठ आणि तिसऱ्या वर्षाला वीस उरल्या? प्रवेशअर्जात धर्माचा, प्रवर्गाचा रकाना असतो, माहिती विद्यापीठाकडे आहे. ती वार्षिक अहवालात तालुकावार छापा, एवढी मागणी अधिसभेत करता येते. ती फक्त मुसलमानांसाठी नाही. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी मुलीसाठी, सिंधुदुर्गातल्या मुलासाठी तोच तक्ता उपयोगाचा आहे. म्हणून मी भावाला सांगितलं, तिथे आपल्यासाठी वेगळं काही नाही. जे सगळ्यांचं आहे त्यात आपण गैरहजर आहोत.

आणि एक कडू गोष्ट. संस्थाचालकांच्या सहा जागाही अधिसभेत आहेत. आपल्या समाजाच्या शिक्षणसंस्थांची विश्वस्त मंडळी विद्यापीठाच्या कारभारावर बोलतात तेव्हा मी त्यांना विचारतो, तुमच्या स्वतःच्या महाविद्यालयाचे वार्षिक लेखे तुमच्या संकेतस्थळावर आहेत का? बहुतेक वेळा विषय बदलतो, चहा येतो. विद्यापीठाला जे तीन रकाने मागायचे ते आपल्या घरच्या संस्थेलाही मागावे लागतील. मी मागतोय, आणि त्यामुळे दोन ठिकाणी माझं निमंत्रण कमी झालं आहे.

आता कामाचं. पुढच्या निवडणुकीला वेळ आहे म्हणून स्वस्थ बसू नका. नोंदणी जाहीर होते तेव्हा खिडकी थोडे दिवस उघडी असते, आणि तेव्हा लोकांची धावपळ एकाच कागदासाठी होते: पदवी प्रमाणपत्र. गुणपत्रिका असते, पदवीचा कागद नसतो. दीक्षान्त समारंभाला कोण जातं? मी नव्हतो गेलो. माझं प्रमाणपत्र कॉलेजच्या कपाटात सात वर्षं पडून होतं. सोमवारी जाऊन आधी ते आणा.

बहिणींसाठी खास: प्रमाणपत्रावर नाव आडनाव-नाव-वडील असं आहे आणि आधारवर लग्नानंतरचं आहे, तर आजच विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद तयार ठेवा. इंग्रजी स्पेलिंगही बघा. शेख तीन प्रकारे, मोहम्मद सहा प्रकारे लिहिलेलं मी एकाच घरात पाहिलंय.

मागच्या टेबलावर मी गेल्या तीन वर्षांच्या अंदाजपत्रकांच्या झेरॉक्स ठेवल्या आहेत, वीस संच. सोबत पेन्सिली आहेत. प्रत्येकाने एकच शीर्षक घ्यायचं, वसतिगृह, ग्रंथालय, परीक्षा, शिष्यवृत्ती, काहीही, आणि तीन रकाने शेजारी लिहून पुढच्या रविवारी आणायचे. सर आज आलेले आहेत, पहिल्या रांगेत बसलेत. परीक्षा विभागाचं पान त्यांनी आधीच उचललंय.